धांदल्याचे पंधरा दिवस

"एकदा जरी ओढलं ना त्यानं, तर मी स्वतः त्याला गाडीत बसवून देईन," आई म्हणाली आणि पट्टा मुठीत धरून धांदल्यासह दाराबाहेर पडली.

लेकीने कात्री खाली ठेवली आणि शिवणाच्या दुकानाचं दार ओढून घेऊन मागोमाग निघाली. आज पंधरावा दिवस. तिच्या मैत्रिणीचा भाऊ दुपारी धांदल्याला न्यायला येणार होता. सगळं ठरलं होतं, फक्त आई हट्टाला पेटली होती.

धांदल्या मूळचा वडिलांचा कुत्रा. वडील पोस्टमन. त्यांच्या सायकलमागे पळतच तो लहानाचा मोठा झाला, त्यामुळे चालणं नावाची गोष्ट असते हेच त्याच्या गावी नव्हतं. वडील गेले आणि पट्टा आईच्या हाती आला. तिसऱ्याच दिवशी समोरून कुणाची तरी सायकल गेली, धांदल्याने हिसडा मारला आणि आई रस्त्यावर आडवी. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशा पडलात तर कात्री विसरा. आणि दुकान तर त्या हातावरच चालत होतं. आईने बेतलेला कोट नुसत्या कच्च्या टाक्यांवर असतानाही असा काही बसायचा, की गिऱ्हाईक तोच घालून घरी जायला बघायचं. "अहो, काढा तो, एक हिसका बसला तर बाह्या हातात येतील," असं तिला सांगावं लागायचं.

"हात की कुत्रा, काय ते एक ठरव," लेक म्हणाली होती. आईने पंधरा दिवस मागून घेतले.

पहिला आठवडा फाटक लावून अंगणातच गेला. धांदल्या ओढायचा, आई थांबायची आणि पायरीवर बसून पट्ट्याशी काहीबाही करत राहायची. गळ्याशी नेहमीची सुई खोचलेली. धांदल्या तिच्या तोंडाकडे बघत ताटकळायचा. मग दोन पावलं, की पुन्हा तेच. शेजारच्या बेकरीवाल्याला फुकटचा खेळ मिळाला. "मावशी, फाटकापर्यंत पोचाल तेव्हा सांगा, पाव गरम ठेवतो." लेकीला वाटायचं, आईला दम लागतोय, पण कबूल करायची नाही.

आता ती दोघं भर बाजारातून चालली होती. धांदल्या आईच्या गुडघ्याला धरून, पट्टा सैल लोंबलेला. खाटकाच्या दुकानावरून गेली. एका भुंकणाऱ्या पिल्लाशेजारून गेली. तेवढ्यात मागून घंटी वाजली आणि नवा पोस्टमन सायकलवरून शेजारून पुढे निघून गेला.

धांदल्याचे कान उभे राहिले, अंगभर थरथर सुटली, पुढचा एक पाय उचलला गेला. आई थांबली. धांदल्याने सायकलीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि पाय खाली ठेवला. सायकल वळणाआड जाईपर्यंत तो बारीक आवाजात कुईकुई करत राहिला, पण जागचा हलला नाही. लेकीला वडील आठवले.

घरी पोचताच तिने मैत्रिणीच्या भावाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. "आई, तुझ्यापुढे हात टेकले मी," ती म्हणाली आणि आईच्या हातून पट्टा घेऊन खुंटीला अडकवायला गेली. जरासा ओढला, तर त्याचे दोन तुकडे तिच्या हातात आले.

"अगं, हा तुटला की."

"तुटला नाही, पहिल्याच दिवशी मी कापला," आई म्हणाली. "आणि कच्च्या टाक्याने जोडला. त्यानं हिसडा मारला तर टाका जाऊ दे, मी पडायला नको. पहिल्या दिवशी तेवीस वेळा शिवला."

लेकीने दोन्ही टोकं उजेडात धरली. पांढऱ्या दोऱ्याचे तीन-चार टाके, मळून करडे झालेले.

"म्हणजे भर बाजारात तो एवढ्याशा दोऱ्यावर होता? आज सकाळी घातलेल्या?"

आईने गळ्याशी खोचलेली सुई काढली, तिच्या नेढ्यात नवा दोरा ओवला आणि पट्ट्यासाठी हात पुढे केला.

"आजचा नव्हे गं," ती म्हणाली, "तो टाका गेल्या मंगळवारचा."