शून्याच्या खाली

दाजींनी अंगणातल्या बोअरच्या भोकात गॅस तपासायच्या मीटरची नळी सोडली आणि आकडा बघून हसले. "शून्याच्याही खाली! गॅसचा पत्ताच नाही. चालव तुझं ड्रिल."

माझा हात बटणावरच थांबला. "शून्याच्या खाली कसं जाईल, दाजी? मीटर आधी स्वच्छ हवेत शून्यावर आणलं होतं ना?"

"म्हणजे काय! इथे तुझ्या गाडीचा धूर, म्हणून आत जाऊन आणलं."

"आत कुठे?"

"स्वयंपाकघरात..." दाजी पांढरेफटक पडले. जमिनीतला बिनवासाचा गॅस घरात भरला होता आणि मीटरनं त्यालाच शून्य धरलं होतं.

"ताई!" मी ओरडतच धावलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई हसली. "कळलं रे, चहाच हवाय ना? ही बघ, ओढली काडी."