सर्ज्याला सांगितलेलं

लेकराला छाती तोंडात धरता येईना. ते ओठ लावायचं, घसरायचं, पुन्हा रडायला लागायचं. द्वारकेची छाती दुपारपासून फुगत गेली होती आणि आता दगडासारखी टणक झाली होती. काखेपर्यंत ठणका लागला होता, अंगात कणकण होती. एवढं दूध भरलेलं, आणि लेकरू उपाशी.

विचारायला बाईमाणूस नव्हतं. घरात काय, सगळ्या गावात नव्हतं. रझाकारांच्या धाकानं बायकापोरांना पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात नेऊन ठेवलं होतं. द्वारकेचे दिवस भरलेले, गाडीचे हादरे सोसायचे नाहीत, म्हणून ती मागं राहिली. सुईण मंजुळाबाई बाळंतपणापुरती थांबली आणि दुसऱ्याच दिवशी निघून गेली. नवरा संतराम नदीपलीकडं, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या छावणीत. सासू गोजराबाई तर द्वारका या घरात यायच्या आधीच वारलेली.

राहिला सासरा, उकंडराव. तो शेजारी गोठ्यात निजायचा. मधे नुसता तुराट्यांचा कूड. बाळंतीण झाल्यापासून तोच ज्वारीची पेज शिजवून उंबऱ्याशी ठेवून जाई आणि मान न वळवता माघारी फिरे. लग्न झाल्यापासून द्वारकेनं त्याच्यासमोर कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, की तोंडातून शब्द काढला नव्हता.

लेकरानं टाहो फोडला. रिकाम्या गावात आवाज लांब जातो. तिनं त्याला गप्प करायला पोटाशी दाबलं, तशी तिलाच कळ आली आणि ती मोठ्यानं विव्हळली.

गोठ्यात बाज कुरकुरली. उकंडराव खाकरला.

"सर्ज्या," तो बैलाला म्हणाला, "जागा हाईस का रं?"

बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली.

"मग ऐक. पहिलारू गाय व्याली की तिसऱ्या-चौथ्या दिशी कास तटती. लई तकलीफ व्हती. सड दिसंनासा व्हतो, मंग वासरानं धरावं काय? त्यात वासराचा कसूर न्हाई, गाईचा बी न्हाई."

द्वारका दचकली. गोठ्यात दोन बैलांशिवाय जनावर नव्हतं. गाय कुठली आणि वासरू कुठलं?

"घाबरायचं न्हाई," कुडापलीकडून आवाज आला, हळू, पण शब्द न् शब्द सुटा. "ऊन पाण्यात फडकं भिजवून कास शेकायची. मंग हातानं थोडं दूध काढायचं. समदं न्हाई. सडाभवती मऊ पडस्तवर. मंग लावायचं वासराला. चुलीच्या वैलावर पाणी हाय. निवलं नसंल अजून."

द्वारकेची कानशिलं तापली. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच बसून राहिली. लेकरानं स्वतःची मूठ चोखून पाहिली आणि काही मिळेना तसं ते पुन्हा रडायला लागलं, पण आता आवाज बारीक झाला होता. ती उठली.

फडकं पहिल्यांदा टेकवलं तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं दात आवळले. दुसऱ्यांदा टेकवलं, तिसऱ्यांदा टेकवलं, आणि ठणका जरासा सैल पडला. बोटांनी दाबलं, तर आधी थेंब आला, मग धार लागली. छाती पुढून मऊ पडली तसं तिनं लेकराला घेतलं. ते घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मग त्यानं एकदम तोंडभर धरलं, जोरानं ओढलं, आणि त्याच्या गळ्यात घोट वाजला. द्वारकेचे डोळे वाहायला लागले. दुसऱ्या बाजूचं दूधही आपोआप गळायला लागलं, लुगडं भिजलं, तिनं पुसलं नाही.

"धरलं वाटतं," उकंडराव म्हणाला. "आता दुसऱ्या अंगाला बी पाजायचं. दूध साचू द्यायचं न्हाई. आन् मागनं गार फडकं ठिवायचं. आराम पडतो." बाज पुन्हा कुरकुरली. "संत्याच्या येळंला गोजरा बी अशीच रडली हुती. माझ्या मायनं शेकलं तिला. मंग निजली सकाळपस्तवर."

सासूचं नाव त्याच्या तोंडून द्वारका पहिल्यांदाच ऐकत होती. काहीतरी बोलावं, निदान व्हय म्हणावं, असं तिला फार वाटलं. जीभ उचलेना. तिनं मोकळा हात उचलला आणि बांगड्या वाजवल्या.

पलीकडं उकंडराव एकदा खाकरला.

लेकरू पिऊन निजलं तरी द्वारका कुडाला पाठ लावून बसून होती. त्यानं आणखी काहीतरी सांगावं, गाईचं, गोजराबाईचं, नाहीतर कुणाचंही. पण तुराट्यांपलीकडून आता फक्त बैलांचं रवंथ ऐकू येत होतं.