जलकौल

शालिनीने पितळी परात डायनिंग टेबलावर ठेवली आणि पाणी स्थिर होईपर्यंत कोणाला मोठ्याने श्वासही घेऊ दिला नाही. सिद्धांतच्या घरी आज लग्नाचं काय ते कळवायचं होतं आणि तिची लेक, रुचिरा, महिनाभर 'बघू'च्या पुढे सरकत नव्हती.

"अण्णा, लाह्या तुम्हीच सोडा," शालिनी वडिलांना म्हणाली. "माझ्या वेळीही तुम्हीच सोडल्या होत्या."

अण्णांनी दिल्लीच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलं होतं. त्यांनी दोन लाह्या उचलल्या, पण हात परातीवर तसाच थांबला.

"याला म्हणतात काय पण?" रुचिराने विचारलं.

"जलकौल." शब्दाची फोड करायला मिळाली की अण्णा खुलत. "जल संस्कृत, कौल अरबी. कौल म्हणजे शब्द, वचन. आपण विचारायचं आणि देवाने पाण्यातून शब्द द्यायचा. लाह्या चिकटल्या की होकार."

त्यांनी लाह्या सोडल्या. एक रुचिराची, एक सिद्धांतची. दोघी जरा रेंगाळल्या, मग सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या.

शालिनीचे डोळे भरून आले. "बघ! माझ्या आणि तुझ्या बाबांच्याही अश्शाच चिकटल्या होत्या."

"आई, त्या चिकटणारच! सरफेस टेन्शन, यार. दुधातले कॉर्नफ्लेक्स नाही का चिकटत? आठवीत आजोबांनीच तर शिकवलंय."

अण्णा चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

"तुम्हाला माहीत होतं," शालिनी म्हणाली.

"हरीशरावांचं स्थळ चांगलं होतं, शालू. तू त्या प्रसन्नसाठी हटून बसलेलीस. माझं ऐकलं नसतंस."

"म्हणून देवाला पुढे केलंत?"

शालिनीला रडू येईल असं रुचिराला वाटलं, पण आईला संताप आला होता. सगळ्या जगावर अविश्वास दाखवला असता तिने, पण या एका माणसावर नाही. तिने ओल्या लाह्या काढून टाकल्या आणि दोन कोऱ्या घेतल्या.

"ही मी," तिने एक सोडली. "हा प्रसन्न."

अण्णांनी परात उचलायला हात पुढे केले.

"हलवू नका," शालिनी म्हणाली. "मी तेव्हा श्वाससुद्धा घेतला नव्हता."

लाह्या सरकू लागल्या होत्या.