अंबूताईंचा जोड

अपघातात पाय गेल्यापासून दत्तात्रेय मळमड्डी भागातल्या आपल्या घराबाहेर पडले नव्हते. दोघातिघांनी उचलून आपल्याला गाडीत ठेवावं, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांच्या जुन्या व्हॅनला व्हीलचेअर चढेल असा लोखंडी उतार जोडून द्यायला एकही गॅरेजवाला तयार होईना. तेव्हा त्यांच्या बायकोनं, शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या अंबूताईंनी, पदर खोचला आणि ग्रिल बनवणाऱ्या सतीशचं दुकान गाठलं. "मला वेल्डिंग शिकव."

पहिले जोड हातोडीच्या एका घावात सुटले. हातांवर ठिणग्यांचे डाग उठले, डोळे सुजले. तिसऱ्या महिन्यात व्हॅनला जोडलेल्या उतारावर सतीशनं स्वतः घण घालून पाहिला. "अक्का, आता हे मोडायचं नाही बघा."

दत्तात्रेय आपल्या हातांनी चाकं फिरवत एकटेच व्हॅनमध्ये चढले. चाकं वळवून उताराकडे तोंड केलं. मग म्हणाले, "मी खाली उतरतो."

अंबूताईंचा चेहरा पडला. "का हो? भीती वाटली?"

"छे! आधी गल्लीतल्या सगळ्यांना हाक मार. माझ्या बायकोनं काय केलंय, ते त्यांना बघू दे. मी पुन्हा चढतो."