टाकसाळीची चूक

"माझ्या गल्ल्यात टाकसाळीत चुकलेलं नाणं हाय, नसलं तर मिशी उतरवीन!" सणसरच्या रसवंतीत मी पैज लावली. मिशीही दोन चिमण्या झोके घेतील एवढी! नाण्यांचे जाणकार अफजलराव भिगवणहून आले. मी चपटा रुपया पुढं केला. त्यांनी हुंगला. "तात्या, टाकसाळीत आलं-लिंबू घालत न्हाईत. ह्यो तुमच्या चरकातनं निघालाय." गिऱ्हाइकांनी न्हाव्याला फोन लावला. अफजलरावांनी खरी चूक ओळखायला शिकवलं: आकडा सरळ धरून नाणं पानासारखं उलटायचं, मागचे सिंह डोक्यावर उभे, की टाकसाळ चुकली. रसासाठी दहाचं नाणं देऊन ते उठले. मी ते उलटलं. सिंह शीर्षासनात! अफजलराव दचकले. "तात्या, दुसरं देतो, तेवढं परत द्या." तोवर बायकोनं ते गल्ल्यात टाकून त्यावर बसकण मारली. "भावजी, अजून एक रस प्या, आन् असलंच दुसरं द्या!"