उसनं पीठ

“उसनं पीठ नाताळच्या आत परत गेलंच पाहिजे, मग आपला डबा रिकामा राहिला तरी,” आई बजावायची. अर्थखात्याच्या कचेरीत, अमेरिकेच्या कर्जाच्या हप्त्याच्या कागदावर साहेबांची सही मागताना हिल्काला तेच आठवलं. वीस वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत सारं फिनलंड झाडाच्या सालीची भाकरी खात होतं. तेव्हा अमेरिकेनं उधारीवर पीठ धाडलं. आज हेलसिंकीवर रशियाचे बॉम्ब पडत होते. “मोठमोठ्या दोस्तराष्ट्रांनी अमेरिकेचं कर्ज फेडण्याबाबत केव्हाच हात वर केले. आपण हप्ता चुकवला तर अमेरिका काय जप्ती आणणार आहे?” साहेब म्हणाले. “नाही आणणार. पण ते पीठ मी खाल्लंय, साहेब.” साहेबांनी सही केली. “पैसे धाडायची तार आजच गेली पाहिजे, तारऑफिस चारला बंद होतं. भोंगा वाजला तर तळघरात शिर, उगाच शूरपणा नको.” “येताना शिरीन,” हिल्का म्हणाली. तिनं कागद कोटाच्या आत ठेवला आणि ती बर्फातून चालू लागली.