पाठवणीचा घेवडा

“उकळत्या पाण्यातनं काढायचं आन् लगेच बर्फात बुडवायचं? शेंगेनं गुन्हा काय केलाय गं?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“रंग टिकतो, आई. वर्षभर हिरव्यागार राहतात,” वर्षाली म्हणाली. तिनं मोबाइलवर बघून ठेवलं होतं.

चऱ्होलीतल्या त्यांच्या रानात आता टॉवर उगवले होते. उरला होता घरामागचा एक तुकडा आणि त्यावरचा श्रावणघेवडा. वर्षालीला भाजी लागे ती याच घेवड्याची. बाजारच्या शेंगेला ती शेंग म्हणायलाही तयार नसे. उद्या पोरगी ताथवड्याला, समर्थच्या घरी नांदायला जाणार, म्हणून सुभद्राबाईंनी सगळे वेल खुडून काढले होते.

शिरा काढायच्या, तुकडे करायचे, चटका द्यायचा, गार करायचं, धोतरावर पसरून कोरडं करायचं आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये. धोतर सुभद्राबाईंच्या नवऱ्याचं, अर्जुनरावांचं होतं. त्यांना विचारावं, असं कुणाला सुचलं नव्हतं.

शेजारच्या गिरजाबाई दारातून डोकावल्या. “पोरीचं लगीन लावताय का बर्फाचा कारखाना काढताय?”

“दोनी.”

“आन् पाठराखीण कोण जाणार?”

“मीच.”

“अगं बया! तू? अशी रीत हाय का कुठं?”

“रीत बघत बसले तर शेंगा वितळतील.”

गिरजाबाई पदर खोचून शिरा काढायला बसल्या. असं क्वचितच व्हायचं.

सुभद्राबाईंचा पोरगा रोहिदास चाकणला पहिल्या शिफ्टला निघाला आणि रस्त्यातच गेला, तेव्हापासून या घरात तीनच ताटं वाढली जात. उद्यापासून दोन. त्याची आपल्याला भीती नाही, असं सुभद्राबाई स्वतःला बजावत होत्या. धास्ती एकच होती : ऐन वेळी पोरगी मागं फिरेल, आणि आपण तिला फिरू देऊ.

संध्याकाळी ती फिरलीच. पिशवीचं तोंड दाबता दाबता म्हणाली, “आई, मी नाही जात. तुम्हा दोघांना कोण आहे?”

‘नको जाऊ’ हे सुभद्राबाईंच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“शेंगा खुडून झाल्या,” त्या म्हणाल्या. “आता त्या काय परत वेलाला लागत्यात?”

अर्जुनराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “थर्माकोलचा डबा आणलाय. मासेवाल्याकडनं. वास येतोय जरा, पण गार ऱ्हातं.”

मग तिघांनी मिळून उरलेल्या पिशव्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सह्या झाल्या, हार झाले, पेढे झाले. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर सुभद्राबाईंनी स्वयंपाकघर गाठलं. एकेक पिशवी फ्रीजरमध्ये रचली. शेवटची काही मावेना. ती त्यांनी छातीशी धरली आणि हात बधिर झाले तरी तशाच उभ्या राहिल्या. बाहेर वर्षाली कशालातरी हसत होती. किती दिवसांनी.

समर्थची आत्या सोलापूरहून नुकतीच पोचली होती. ती पाणी प्यायला आत आली आणि यांच्याकडे बघतच राहिली.

“नवरीच्या आई ना तुम्ही? सांगायला नकोच. चेहरा अगदी तुमच्यावर गेलाय पोरीचा.” तिनं सुभद्राबाईंच्या पाठीवर हात ठेवला. “रडा हो. आईचा जीव तुटणारच.”

“आई न्हाई,” सुभद्राबाई म्हणाल्या. “सासू हाय मी तिची. पहिली.”